वसवसा, सोवळे आणि मंत्रचळ : पांढुर्णा-सौंसरच्या सीमेवरून एका मनोविकाराचा इतिहास

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मध्य प्रदेशात असले तरी तेथील बाजार, सोयरीक आणि दवाखाना या तिन्ही गोष्टी नागपूरकडे तोंड करून आहेत. याचे कारण भूगोलाइतकेच इतिहासातही आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला आणि अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसविले. पुढे हा मुलूख भोसल्यांकडे, त्यानंतर इंग्रजांच्या मध्य प्रांताकडे गेला. नागपूर हीच या भागाची राजधानी राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. मराठी, पवारी, गोंडी, हिंदी आणि मुस्लिम घरांतील उर्दू अशा भाषा येथे एकाच बाजारात ऐकू येतात.

अशा प्रदेशात एकाच आजाराला अनेक नावे असणे स्वाभाविक आहे. ज्याला आज ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसॉर्डर किंवा थोडक्यात ओसीडी म्हटले जाते, त्याला उर्दू बोलणारी आई ‘वसवसा’ म्हणते, मराठी बोलणारी शेजारीण ‘चळ’ किंवा ‘मंत्रचळ’ म्हणते आणि डॉक्टर इंग्रजी आद्याक्षरांत लिहितो. मराठी मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी यासाठी ‘कल्पना-क्रिया अनिवार्यता विकृती’ असा शब्द घडविला. तो अचूक आहे, पण घराघरांत काही रुजला नाही. या नावांमागचा इतिहास निरनिराळा आहे आणि नावाप्रमाणे रुग्णाची वाटही बदलते.

आजाराचे स्वरूप थोडक्यात असे. मनात एखादा नकोसा विचार, शंका किंवा चित्र पुन्हा पुन्हा घुसते. त्याने जीव कासावीस होतो. तो शांत करण्यासाठी माणूस एखादी कृती करतो, म्हणजे हात धुतो, कुलूप तपासतो, मोजतो, मनातल्या मनात काही शब्द म्हणतो. क्षणभर बरे वाटते आणि शंका पुन्हा उभी राहते. महत्त्वाची बाब अशी की बहुतेक रुग्णांना आपण करतो ते निरर्थक आहे हे कळत असते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, ज्यात मध्य प्रदेशाचाही समावेश होता, प्रौढांमधील या विकाराचे प्रमाण सुमारे ०.८ टक्के आढळले. हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात हे प्रमाण तसेच धरले तर सात-आठ जण होतात. शिक्षकाच्या दृष्टीस त्यांतला एखादाही पडत नाही, कारण हा आजार लपविण्याचा आहे.

वसवसा : शब्द आणि शास्त्र

अरबीत ‘वस्वास’ हा ध्वनी-अनुकरणाचा शब्द आहे. दागिन्यांची किणकिण, दबक्या आवाजातील कुजबुज असा त्याचा मूळ अर्थ. कुरआनच्या अखेरच्या सूरेत माणसांच्या अंतःकरणात कुजबुज करून मागे सरणाऱ्यापासून आश्रय मागितला आहे. हदीसच्या संग्रहांत वसवशाचा उल्लेख वारंवार येतो आणि त्याचा सूर सौम्य आहे, हे विशेष. काही सहाबांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे येऊन सांगितले की, आमच्या मनात असे विचार येतात की ते तोंडाने उच्चारणेही आम्हाला भारी वाटते. त्यावर त्यांना दोष देण्यात आला नाही. त्या विचारांची त्यांना वाटणारी किळस हेच ईमानाचे लक्षण ठरविले गेले. मनात आलेल्या गोष्टीवर ती बोलली वा केली जात नाही तोवर पकड नाही, असेही दुसऱ्या एका प्रसिद्ध हदीसचे तात्पर्य आहे.

फिकहने याच पायावर व्यवहाराचे नियम बांधले. ‘खात्री शंकेने नष्ट होत नाही’ हे फिकहचे एक मूलभूत सूत्र. वुजू केल्याची खात्री आहे, तो तुटल्याची नुसती शंका आहे, तर वुजू कायम आहे. वुजूत अवयव तीनदा धुणे ही वरची मर्यादा, त्यापुढे जाणे ही आगळीक. प्रेषितांचा वुजू एक मुद्द, म्हणजे साधारण ओंजळभर मापाच्या पाण्यात होत असे, हेही नोंदलेले आहे. रकातींच्या संख्येत विसर पडला तर सजदा-ए-सहव आहे. म्हणजे विसरणे आणि शंका येणे माणसाच्या स्वभावात गृहीत धरलेले आहे, त्यावर उपायही ठरलेला आहे, आणि तो उपाय एकदाच करावयाचा आहे.

वैद्यकाच्या अंगाने या विषयाचा विचार करणारा पहिला मोठा लेखक म्हणजे अबू झैद अल-बल्खी (सुमारे ८५०-९३४). बल्ख येथील या विद्वानाच्या ‘मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस’ या ग्रंथाचा एक भाग शरीराचा व दुसरा मनाचा आहे. मनाच्या भागात त्याने क्रोध, भय, दुःख आणि वसवसा असे चार विकार वेगळे केले. वसवसा असलेल्या माणसाचे चित्त दुसऱ्या कशात लागत नाही, वाईट घडणार या विचाराने तो सतत ग्रासलेला असतो, असे त्याचे निरीक्षण आहे. उपाय म्हणून तो एकांत टाळावयास, रिकामे न राहावयास आणि त्या विचाराशी मनानेच युक्तिवाद करावयास सांगतो. या ग्रंथाची हस्तलिखिते इस्तंबूलच्या ग्रंथालयात शतकानुशतके पडून होती. त्यातील मनाच्या भागाचा मलिक बद्री यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये आला आणि २०१५ मध्ये रानिया अव्वाद व सारा अली यांनी बल्खीचे वर्णन आजच्या निदान-निकषांशी ताडून पाहिले. त्यांना दोन्हींत लक्षणीय साम्य दिसले. ‘आमच्याकडे सगळे आधीच होते’ असा अभिमान मिरविण्यासाठी या संशोधनाचा वापर अलीकडे सर्रास होतो. तो टाळणे बरे. बल्खीचे मोठेपण त्याने या दुःखाला पाप न मानता त्यावर उपचाराचे प्रकरण लिहिले, यात आहे.

बगदाद आणि दमास्कसच्या आलिमांनी मात्र हा प्रश्न मशिदीच्या हौदाकाठी पाहिला. इमाम गझाली (१०५८-११११) यांनी ‘इह्या’ मध्ये बाह्य शुद्धीच्या अतिरेकावर टीका करताना पूर्वीचे लोक अंतःकरणाच्या शुद्धीकडे अधिक लक्ष देत असत याची आठवण दिली. इब्न अल-जौझी (मृत्यू १२०१) यांच्या ‘तल्बीस इब्लीस’ मध्ये इब्न अकील यांची एक हकीकत येते. एका माणसाने त्यांना विचारले की, मी पाण्यात अनेकदा बुडी मारतो, तरी गुस्ल झाला की नाही ही शंका राहते, तेव्हा काय करावे? इब्न अकील म्हणाले, तुझ्यावर नमाज फर्जच नाही, कारण वेड्यावरून ती उठविलेली आहे आणि जो पाण्यात बुडून पाणी लागले की नाही असे विचारतो तो वेडाच. उत्तर खोचक आहे, आजच्या काळात ते कठोरही वाटेल. पण इतक्या जुन्या काळी धर्मशास्त्री एखाद्या धार्मिक अतिरेकाला आजाराच्या खात्यात टाकतो, ही इतिहासाच्या दृष्टीने मोठी नोंद आहे. इब्न कुदामा अल-मक्दिसी (११४७-१२२३) यांनी तर वसवसा असलेल्यांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि पुढे इब्न अल-कय्यिम (१२९२-१३५०) यांनी ती विस्ताराने आपल्या ग्रंथात घेतली. नियत मनातच असताना तिचे शब्द पुन्हा पुन्हा उच्चारणारे, एकेक अक्षर ओढून परत म्हणणारे, पाण्याचा अपव्यय करणारे असे लोक त्यांत दिसतात. आजच्या मानसोपचार विभागातील टिपणांशी हे वर्णन सहज जुळते.

भारतात मौलाना अश्रफ अली थानवी (१८६३-१९४३) यांच्या पत्रव्यवहारात असे शेकडो मुरीद भेटतात. त्यांचा सल्ला बहुधा एकच असे : वसवशाकडे लक्ष देऊ नका, त्याच्याशी झगडूही नका.

सोवळे, विटाळ आणि मंत्रचळ

हिंदू मराठी समाजात हाच विकार सोवळ्या-ओवळ्याच्या भाषेत बोलतो. ‘मंत्रचळ’ या शब्दाची घडणच सूचक आहे. मंत्राच्या उच्चारात किंवा अनुष्ठानात चूक झाली की डोके फिरते, अशी समजूत त्यामागे आहे. म्हणजे भीती चुकीची आहे, आणि चूक टाळण्यासाठीच माणूस पुन्हा पुन्हा करतो. बंगालीत यालाच ‘शुचिबाई’ म्हणतात. अजिता चक्रवर्ती व जी. बॅनर्जी यांनी १९७५ मध्ये बंगाली समाजातील या शुचितेच्या वेडाचा आणि अनिवार्यता विकाराचा संबंध तपासला होता.

येथे एक फरक नीट ध्यानात घेतला पाहिजे. सोवळ्याचा नियम दुसऱ्या माणसाला दूर लोटण्यासाठी वापरला गेला, तेव्हा त्याला कोणी वेड म्हटले नाही. ती रूढी झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसांना पाणवठ्यापासून दूर ठेवण्यास ती कारण ठरली. तोच नियम एखाद्या बाईच्या स्वतःच्या हातांवर उलटला, हातांची साले निघेपर्यंत ती धूत राहिली, तेव्हा मात्र घरच्यांनी तिला चळ लागला असे म्हटले. विकार म्हणावयाचे कशाला, हे ठरविण्याची कसोटी म्हणून समाजाची संमती पुरेशी नाही, हे यावरून दिसते. तरीही ती निरुपयोगी नाही. जेरुसलेमच्या कर्मठ ज्यू वस्तीत काम करणाऱ्या डेव्हिड ग्रीनबर्ग यांनी १९८४ पासून दाखवून दिले की, धर्मनियम पाळणारा आणि विकारग्रस्त यांच्यातील भेद त्या समाजातील धर्मगुरूंना व शेजाऱ्यांना बरोबर कळतो. विकारग्रस्त माणूस एकाच नियमाला चिकटतो आणि बाकीच्या धर्माकडे त्याचे दुर्लक्ष होते. तासभर वुजू करणाऱ्याची जमाअत चुकते, हे त्याचेच उदाहरण म्हणता येईल.

फ्रॉइडने १९०७ च्या निबंधात धार्मिक विधी आणि अनिवार्य कृती यांत साम्य पाहिले होते. पांढुर्ण्याच्या वाचकाला त्यावर एक हरकत सहज सुचेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. दरवर्षी माणसे जखमी होतात, प्रशासनाने अनेकदा पर्याय सुचविले, तरी प्रथा चालू आहे. ‘केल्याशिवाय राहवत नाही’ असे तिच्याबद्दल म्हणता येईल. पण तो विकार नव्हे. तेथे भीती एकट्याची नसते, लाज नसते, आणि दिवस संपला की ती संपते. अनिवार्यता विकारात माणूस एकटा असतो.

देवस्थान, पागलखाना आणि दर्गा

सौंसरजवळ जामसावळी येथे पिंपळाखाली पहुडलेल्या हनुमानाचे देवस्थान आहे. मानसिक व्याधी व भूतबाधा झालेल्यांना तेथे आणण्याची परंपरा जुनी आहे. नागपूर, बैतूल, अमरावतीकडूनही लोक येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा झाली ती याच ठिकाणच्या कार्यक्रमात, इतके या स्थळाचे महत्त्व आहे. अशा स्थळी कोणाला आणले जाते? जो ओरडतो, घुमतो, अंगावर धावून येतो त्याला. ज्याला वसवसा आहे तो यांपैकी काहीच करीत नाही. तो मोरीत असतो, किंवा नळाशी.

हीच गोष्ट पागलखान्याची. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ चे. १८५८ चा आणि नंतर १९१२ चा वेड्यांविषयीचा कायदा मुख्यतः भटके, धोकादायक आणि बेभान लोक डोळ्यांसमोर ठेवून केलेले होते. शेती करणारा, मुलांना शाळेत पाठविणारा, स्वतःच्या वागण्याची लाज वाटणारा माणूस त्या चौकटीत बसत नव्हता. पांढुर्णा-सौंसर भागातील या रुग्णांचा लिखित इतिहास जो मिळत नाही, त्याचे कारण येथे आहे. देवस्थानाला त्यांचा आवाज ऐकू आला नाही आणि सरकारला त्यांचा उपद्रव झाला नाही.

या पागलखान्याशी मुस्लिम समाजाची एक वेगळीच आठवण जोडलेली आहे. कामठी येथे जन्मलेले बाबा ताजुद्दीन (१८६१-१९२५) यांना १८९२ मध्ये येथे ठेवण्यात आले. लोक त्यांना मजझूब, म्हणजे ईश्वरप्रेमात हरपलेले मानीत. पुढील सोळा वर्षे हिंदू-मुसलमान भाविक दर्शनासाठी पागलखान्याच्या दारात येत राहिले. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना सोडवून आणले. त्यानंतर काही काळ ते कन्हान नदीकाठच्या वाकी येथे राहिले. तीच कन्हान वर सौंसर तालुक्यातून वाहत येते, आणि आजही छिंदवाड्याकडचे भाविक वाकीला व ताजबागेत जातात. सरकारी दप्तरातील ‘वेडा’ आणि लोकांच्या मनातील ‘वली’ हे एकाच व्यक्तीविषयीचे दोन निर्णय होते. समाजाजवळ मजझूबासाठी आदराचा शब्द होता, पागलासाठी भीतीचा होता. वसवसा असलेल्यासाठी फक्त चिडीचा शब्द उरला : ‘वहमी’.

दर्ग्याच्या वाटेचा दुसरा टोकाचा अनुभवही विसरता येत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चाललेल्या एका खाजगी आश्रमाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मरण पावले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई केली.

जगभरची रूपे

आजार एक, पण त्याला विषय पुरविते ती संस्कृती, असे जगभरच्या नोंदी सांगतात. चंदीगडच्या डॉक्टरांनी १९७५ मध्ये ८२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात घाण व संसर्गाचे विचार सर्वांत पुढे होते. अहमद ओकाशा यांच्या १९९४ च्या कैरोतील ९० रुग्णांच्या अभ्यासात धार्मिक आणि संसर्गाचे विचार प्रत्येकी ६० टक्क्यांत आढळले. रिओ द जानेरो येथील पाहणीत आक्रमक विचार, म्हणजे ‘माझ्या हातून कोणाला इजा होईल’ ही भीती अधिक दिसली. बालीमध्ये रॉबर्ट लेमेल्सन यांना भुताखेतांच्या आणि आपल्या ओळखीच्या माणसांविषयी सतत माहिती मिळविण्याच्या अनिवार्यता भेटल्या. युरोपात सतराव्या शतकात जॉन बन्यन याने ईश्वरनिंदेचे नकोसे विचार आपल्या आत्मचरित्रात मांडले. १८३८ मध्ये फ्रेंच वैद्य एस्किरोल याने एका तरुणीची हकीकत लिहिली, तिला दुसऱ्याचे पैसे किंवा वस्तू चुकून आपल्या हाताला चिकटून येतील अशी भीती वाटे. दुकानदाराच्या घरात हिशेबाची भीती, पाद्र्याच्या छायेत पापाची, नमाजी घरात तहारतची.

यावरून धर्म हा आजाराचे कारण आहे असे अनुमान काही जण काढतात. ते टिकत नाही. धर्म बाजूला ठेवणाऱ्या समाजांतही हा विकार आहे, तेथे तो जंतू, गॅसची शेगडी आणि कुलूप यांना धरतो. धर्म त्याला भाषा देतो. मात्र कधीकधी लपण्यासाठी जागाही देतो, कारण मशिदीत वेळ घालविणाऱ्या मुलाचे कौतुकच होते.

उपचारांचा इतिहास येथे एका जुन्या वाटेला येऊन मिळतो. १९६६ मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी धुण्याची अनिवार्यता असलेल्या रुग्णांना भीतीच्या वस्तूला सामोरे जाऊ दिले आणि धुण्यापासून रोखले. भीती आपोआप उतरत गेली. आज हीच पद्धत, क्लोमिप्रामिन व नंतर आलेल्या तत्सम औषधांसह, उपचाराचा कणा मानली जाते. ‘एकदा धू, शंका आली तरी पुढे जा’ असे सांगणारा फिकहचा निर्णय आणि ही पद्धत यांची दिशा एकच आहे. फरक असा की, निर्णय एका वाक्यात देता येतो, पण सराव आठवडे चालतो. शिवाय रुग्ण मौलानांना तोच मसला दहा वेळा विचारतो. दहावे उत्तर कितीही बरोबर असले तरी ते औषध राहत नाही. विचारणे हीच एक अनिवार्य कृती होऊन बसते. काही देशांत डॉक्टर आणि इमाम एकत्र बसून एकच उत्तर ठरवितात आणि पुन्हा विचारल्यास ते न देण्याचेही ठरवितात.

पांढुर्णा-सौंसरच्या रुग्णापुढे अडचण निराळीच आहे. १९५६ नंतर त्याच्या राज्याची मनोरुग्णालये ग्वाल्हेर आणि इंदूर येथे झाली, दोन्ही दूर. जवळचे नागपूर दुसऱ्या राज्यात गेले. छिंदवाड्यात वैद्यकीय महाविद्यालय आले ते २०१९ मध्ये. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे आणि त्यावर हिंदी व मराठी दोन्हींत बोलता येते. मात्र प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला जातो यावर बरेच अवलंबून असते. ‘तुम्ही वारंवार हात धुता का?’ असे विचारले तर नमाजी मुलगा प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो, कारण तो जे करतो त्याला हात धुणे म्हणत नाही. वुजूला किती वेळ लागतो, नियत किती वेळा बांधावी लागते, शेवटची रकात कितीदा परत होते, असे विचारले की तो थोडा वेळ गप्प राहतो आणि मग बोलू लागतो.